संक्रांतीच्या काटेरी हलव्याची कुळकथा

मकरसंक्रांतीच्या सुमारास दादर, गिरगाव, परळ, लालबाग आणि वडाळा या मुंबईच्या वस्त्यांतील दुकानांत जो पांढरा, टणक आणि अंगभर बारीक काटे असलेला दाणा वजनावर विकला जातो, तो संक्रांतीचा हलवा होय; तुपात परतून केलेल्या दुधी किंवा गाजराच्या हलव्याशी त्याचे कृतीच्या दृष्टीने काहीही नाते नाही. तीळ, खसखस, मगज यांसारख्या एखाद्या बीवर साखरेच्या पाकाचे पातळ थर एकावर एक वाळवत नेले की हा दाणा तयार होतो. तंत्राच्या हिशेबाने पाहिले तर त्याचे सगेसोयरे फार दूरवर पसरलेले आहेत, कारण फ्रान्समधील व्हर्दून शहराचे साखरबदाम, बरगंडी प्रांतातील फ्लाव्हिन्यी गावच्या बडीशेपेच्या गोळ्या, पोर्तुगालचे कोन्फेइतो आणि जपानचे कोम्पेइतो ही सारी याच कुळातली मंडळी आहेत. मात्र एका बाबतीत महाराष्ट्राने फ्रान्समधील कारागिरांच्या नेमकी उलट वाट धरली. तेथे दाण्यावरचा उंचवटा हा दोष मानून तो घासून, घोळवून नाहीसा करण्यात कौशल्य पणाला लागले, तर येथे तोच उंचवटा वाढवून त्याचा काटा करण्यात कसब मानले गेले. या एका निवडीने हलव्याची कृती, त्याचा हंगाम, तो करणारे हात आणि तो विकणारी दुकाने या सर्वांना आकार दिला आहे.

कृती दिसायला साधी आहे. तीळ निवडून, धुऊन, कडकडीत वाळवून किंचित भाजून घेतात. साखरेत पाणी घालून पाक उकळताना त्यात थोडे दूध सोडतात, म्हणजे दुधातील प्रथिने साकळतात, साखरेतील मळ त्यांच्यात अडकतो आणि फेसाबरोबर वर आलेली ही मळी काढून टाकली की पाक स्वच्छ होतो. या पाकाला एक तार येऊ लागली, म्हणजे बोटांत धरून ताणल्यावर त्याचा एकच धागा निघू लागला, की तो उतरवून कोमट ठेवतात. त्यानंतर मंद निखाऱ्यांच्या शेगडीवर परात ठेवून तीत तीळ पसरतात, चमचाभर पाक त्यांवर सोडतात आणि बोटांच्या अग्रांनी दाणे सतत हलवत राहतात. पाक दाण्यांना लागून वाळला की पुन्हा चमचाभर पाक, पुन्हा हात फिरवणे, असा क्रम तासन्‌तास चालतो, आणि दाणा मनाजोगता फुगून त्याला काटा येईपर्यंत तो अनेक दिवस थोडा थोडा पुढे न्यावा लागतो. तिळाऐवजी खसखस घेतली तर मोहरीएवढा नाजूक हलवा होतो, मगजबीचा हलवा चपटा व लांबट होतो, साबुदाण्याचा गोल, लवंगेचा लांब दांड्याचा आणि शेवयांच्या तुकड्यांचा काडीसारखा. वेलदोड्याचे दाणे, धने, डाळे, काजू आणि बदाम हेही वापरात आहेत. दागिने घडवताना या निरनिराळ्या आकारांचा उपयोग होत असल्यामुळे जाणते कारागीर एकाच हंगामात अनेक प्रकारच्या बियांचा हलवा करून ठेवतात.

काटा कसा येतो, हा प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. साखर पाण्यात मावते त्यापेक्षा अधिक प्रमाणात विरघळलेली असली की तो द्रव अस्थिर असतो, आणि त्याला टेकायला एखादा घन पृष्ठभाग मिळताच साखर तेथे स्फटिकरूपाने बसू लागते. परातीत लोळणारा दाणा तापल्या धातूला सर्व बाजूंनी सारखा टेकत नाही, तर त्याच्यावर जेथे मुळात सूक्ष्म उंचवटा असतो तेथेच तो अधिक वेळा टेकतो. उंचवट्यावरचा पाक आधी वाळतो, उंचवटा आणखी उंच होतो आणि म्हणून पुढच्या खेपेला तोच पुन्हा आधी टेकतो. जपानी भौतिकशास्त्रज्ञ तोराहिको तेरादा यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोम्पेइतोच्या शिंगांवर लिहून या प्रश्नाकडे विज्ञानाचे लक्ष वेधले होते. हलवा करणाऱ्या बायकांना हे सूत्र हाताच्या सवयीने ठाऊक असते. पाक एकदम जास्त पडला तर आलेले काटे विरघळून दाणा गुळगुळीत होतो किंवा दाणे एकमेकांना चिकटून त्यांचा गठ्ठा बनतो, आच वाढली तर साखर पिवळी पडते किंवा तिची भुकटी होऊन दाण्यावरून गळते, आणि हात जड पडला तर कोवळे काटे मोडतात.

याच कुळाची फ्रान्समधील शाखा औषधविक्रेत्यांच्या दुकानांतून निघाली. मध्ययुगीन युरोपात साखर हा अरब व्यापारातून येणारा महाग पदार्थ होता आणि अरब वैद्यकाच्या प्रभावामुळे तिची गणना औषधांत होत असे. कडू किंवा उग्र बियांवर साखरेचे वेष्टन चढवून त्या पचनासाठी जेवणानंतर देण्याची रीत तेथूनच रूढ झाली. व्हर्दून येथील एका औषधविक्रेत्याने १२२० साली बदामांवर साखरेचे कवच चढवले, असे त्या शहराची परंपरा सांगते, आणि ‘द्राजे’ नावाचे हे साखरबदाम फ्रान्समध्ये आजही बारसे व विवाह या प्रसंगी पाहुण्यांना वाटले जातात. फ्लाव्हिन्यीच्या गोळ्यांचा गाभा बडीशेपेच्या जातीच्या एका सुगंधी बीचा असतो. तेथील बेनेडिक्टाइन पंथाच्या जुन्या मठाच्या आवारात या गोळ्या आजही तयार होतात आणि एकेका बीवर थर चढवायला सुमारे पंधरा दिवस लागतात. लास हालस्ट्रॉम यांच्या २००० सालच्या ‘शोकोला’ या चित्रपटातील चॉकलेटच्या दुकानाचे गाव म्हणून प्रेक्षकांनी जे पाहिले ते हेच फ्लाव्हिन्यी. फ्रेंच कारागीर पूर्वी साखळ्यांनी टांगलेले तांब्याचे पसरट भांडे मंद आचेवर झुलवीत हे काम करीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे यंत्राने फिरणारे तिरके भांडे आले, दाणे स्वतःच्या वजनाने एकमेकांवर अखंड घासले जाऊ लागले आणि आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग ही या मिठाईची ओळख पक्की झाली. औषधाच्या गोळ्यांवर साखरेचे कवच चढवण्यासाठी औषधनिर्मात्यांनी पुढे हेच भांडे उचलले, म्हणजे औषधविक्रेत्याकडून मिठाईवाल्याकडे गेलेली विद्या फिरून औषधांकडे आली.

काट्याला मान देणारी दुसरी शाखा जपानमध्ये वाढली. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानच्या किनाऱ्याला लागले आणि १५६९ मध्ये लुईस फ्रॉइस या जेझुइट धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या भांड्यातून कोन्फेइतो भेट दिले. इहारा साइकाकू या लेखकाने १६८८ च्या आपल्या व्यापारविषयक कथासंग्रहात नागासाकीत ही मिठाई तिळाच्या दाण्यापासून कशी करतात याचे वर्णन केले आहे, आणि ते वाचताना मराठी वाचकाला दादरच्या एखाद्या स्वयंपाकघराचेच वर्णन वाचल्यासारखे वाटेल. पोर्तुगीज तर १५३४ पासून वसईत आणि मुंबईच्या बेटांवरही होते, म्हणून हलवा त्यांनीच आणला असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु सारख्या पदार्थांवरून सरळ वंशावळ काढण्यापेक्षा या तंत्राला लागणाऱ्या गोष्टी कोठे होत्या हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. उसाच्या रसापासून स्फटिकरूप साखर करण्याची विद्या भारतातच पक्व झाली होती आणि तिची कीर्ती एवढी होती की चीनच्या तांग सम्राटाने ६४७ साली ती शिकून घेण्यासाठी मगधात माणसे पाठवली होती. तीळ येथलाच, त्याचे संक्रांतीशी नाते जुने, आणि पेशवाईतल्या पत्रव्यवहारात संक्रांतीच्या निमित्ताने आप्तेष्टांना तीळ व शर्करा पाठवल्याचे उल्लेख रूढ शब्दांत येतात. देवळाबाहेर प्रसाद म्हणून विकले जाणारे साखरफुटाणे, म्हणजे फुटाण्यांवर साखर चढवून केलेले गोळे, कोकणातल्या जत्रांमधले गुळाच्या व आल्याच्या पाकात घोळलेले खाजे, आणि खाणावळीत जेवणानंतर समोर येणारी रंगीत साखरेची बडीशेप हे हलव्याचे घरचे भाऊबंद आहेत. वेष्टन चढवण्याची विद्या महाराष्ट्रात अनेक पदार्थांत खेळत होती. हलव्यात ती सर्वांत सूक्ष्म झाली.

या सूक्ष्मतेला पांढरीशुभ्र साखर लागते, आणि ती सर्वांच्या आवाक्यात फार उशिरा आली. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसहून मुंबई बंदरात येणाऱ्या स्वच्छ दाणेदार साखरेला मराठीत ‘मोरस’ हे नाव पडले. पुढे जावाची साखर आणि युरोपातील बीटची साखर हीही बाजारात उतरली. परदेशी साखर शुद्ध करताना प्राण्यांच्या हाडांचा कोळसा वापरतात ही गोष्ट तेव्हा चर्चेत आली होती, त्यामुळे अनेक सोवळ्या घरांत ती वर्ज्य ठरली आणि १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत तिच्यावरील बहिष्कार हा राजकीय कार्यक्रमही झाला. भारत सरकारने १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केल्यावर देशी कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. वालचंद हिराचंद यांचा नाशिक जिल्ह्यातील रावळगावचा कारखाना १९३३ चा, आणि त्याच्या आवारात पुढे गोळ्या-टॉफ्यांचा उद्योगही उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला सहकारी कारखाना निघाला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. गुळाच्या वडीवर भागवणाऱ्या घरातही संक्रांतीला वाटीभर हलवा दिसू लागला, त्यामागे साखरेचा हा सारा इतिहास आहे.

हलव्याला केवळ खाद्य न ठेवता अलंकार करणारी प्रथा मात्र खास महाराष्ट्राची आहे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून तिच्या अंगावर हलव्याचे दागिने घालतात, ज्यांत बिंदी, कर्णफुले, नथ, मंगळसूत्र, हार, बाजूबंद, बांगड्या आणि कंबरपट्टा असा सारा सरंजाम असतो. जावयाला हलव्याचा हार, अंगठी, मनगटी घड्याळ आणि हलव्याने मढवलेला नारळ देतात. लहान मुलाचे बोरन्हाण करताना त्याला काळे झबले, हलव्याचा मुकुट आणि बासरी घालून कृष्णासारखे सजवतात व त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे आणि हलवा ओततात, जो गोळा करायला आळीतली मुले जमतात. एरवी शुभकार्यात टाळला जाणारा काळा रंग थंडीत ऊब धरतो म्हणून या सणाला चालतो, असे त्याचे स्पष्टीकरण देतात, आणि त्या काळ्यावर पांढरा हलवा विशेष उठून दिसतो. दागिने करण्याच्या रीतीतही काट्याला काम आहे: टणक दाण्यातून सुई सहज जात नाही, म्हणून पांढऱ्या दोऱ्याचा फास दाण्याभोवती टाकून गाठ मारतात आणि काट्यांच्या खाचांत दोरा अडकल्यामुळे दाणा निसटत नाही. असे एकेक दाणे बांधून सर करायचे आणि मग ते जरीच्या, मण्यांच्या किंवा पुठ्ठ्याच्या आधारावर बसवायचे, हे काम हलवा करण्याइतकेच वेळखाऊ आहे.

वडाळा आणि त्याच्या भोवतालची मुंबई या कारागिरीला कशी लाभली, हे समजून घ्यायला हवामानापासून सुरुवात करावी लागते. साखर हवेतील ओलावा साधारण ८५ टक्क्यांच्या पुढे शोषू लागते आणि मुंबईच्या पावसाळ्यात ही मर्यादा रोज ओलांडली जाते, त्यामुळे तेव्हा हलवा करणे आणि टिकवणे दोन्ही अवघड. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून जमिनीवरचा कोरडा वारा वाहू लागला की पाक वेळेवर सुकतो. वडाळ्याच्या पूर्वेकडच्या मिठागरांचा व्यवसायही याच कोरड्या ऋतूवर चालत असे, कारण खाडीचे पाणी आटून मिठाचे स्फटिक बसायला तीच हवा लागते. ही मिठागरे सविनय कायदेभंगाच्या काळात देशभर गाजली. १ जून १९३० रोजी सुमारे १५ हजार लोकांनी त्यांच्यावर चाल केली होती. त्याआधीच, १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार ट्रस्टने दादर, माटुंगा आणि वडाळ्याच्या जमिनीवर रुंद रस्त्यांची आखीव वस्ती वसवायला घेतली होती, आणि गिरगावच्या दाट चाळींतून बाहेर पडणारी मध्यमवर्गीय कुटुंबे तिकडे सरकत होती. परळ-लालबागला गिरण्यांमुळे कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगारवर्ग होता. वडाळ्याच्या विठ्ठलमंदिरात आषाढी एकादशीला पंढरपूरला न जाऊ शकलेल्यांची गर्दी लोटते आणि त्या जत्रेच्या प्रसादात साखरफुटाण्यांना मान असतो. थोडक्यात, सण पाळणारी कुटुंबे, साखरेचे पदार्थ करणारे हात आणि विकत घेण्यापुरता पैसा या तिन्ही गोष्टी काही मैलांच्या परिघात एकत्र आल्या.

त्यांतून जी दुकानदारी उभी राहिली ती फ्रान्समधल्या मिठाईच्या दुकानांसारखी बारमाही नव्हती. व्हर्दूनचा कारागीर स्वतःच्या नावाच्या पाटीखाली वर्षभर एकच पदार्थ विकू शकतो, कारण बारसे आणि लग्ने वर्षभर होतात. मुंबईचा हलवा संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या काही आठवड्यांचा धनी. म्हणून तो स्वतःचे दुकान न थाटता इतरांच्या दुकानांत पाहुणा म्हणून येतो. दादरच्या रानडे रोडवर आणि छबिलदास गल्लीत, गिरगावच्या ठाकूरद्वार परिसरात पूजासाहित्याची, घरगुती खाद्यपदार्थांची आणि लग्नाच्या सामानाची दुकाने जानेवारीत हलव्याच्या तयार संचांनी भरतात, आणि त्याच मोसमात महिला मंडळांच्या प्रदर्शनांत व हळदीकुंकवाच्या निमित्ताने घरच्या घरीही विक्री होते. करणाऱ्या बहुतांशी बायका. त्यांचे काम नोव्हेंबरपासून सुरू होते आणि दागिन्यांची मागणी बऱ्याचदा आधी नोंदवून घ्यावी लागते. बायकांच्या स्वयंपाकघरातील कौशल्याला बाजार मिळवून देण्याची परंपरा याच भागात रुजली आहे: १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर लिज्जत पापडाचा उद्योग सुरू केला, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील अनेक घरांचा संसार बायकांनी केलेल्या फराळ, मसाले व डब्यांच्या कामावर तरला. पापडाप्रमाणे हलव्याचा वर्षभराचा उद्योग होऊ शकला नाही, याचे कारण त्याचा सण आणि त्याची हवा ही दोन्ही मोजक्या दिवसांची आहेत.

चॉकलेटशी तुलना केली तर ही मर्यादा आणखी उलगडते. चॉकलेटमधील कोकोलोणी सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे वातानुकूलन नसलेल्या मुंबईत चॉकलेट हाताने घडवणारा कारागीर तग धरणे कठीण होते. कॅडबरीने १९४८ मध्ये भारतात व्यवसाय सुरू केला तोही आयात मालावर, आणि केरळात कोकोच्या लागवडीला कंपनीने १९६५ मध्ये हात घातला. हलव्याचा शत्रू मात्र उष्णता नसून ओलावा आहे, म्हणून रेफ्रिजरेटर येण्याच्या कितीतरी आधी मुंबईत तो घरोघरी होऊ शकला. पुढे या दोन्ही वाटा एकमेकींना भेटल्या: लहान मुलांच्या आवडीची जेम्सची रंगीत गोळी म्हणजे चॉकलेटच्या गाभ्यावर साखरेचे कवच चढवलेला दाणाच, आणि आज बोरन्हाणात बोरे व हलव्याबरोबर चॉकलेटेही ओतली जातात. फिरत्या भांड्यातला गोल, गुळगुळीत, स्वस्त हलवाही बाजारात आहे आणि नुसत्या वाटण्यासाठी, तोंडात टाकण्यासाठी तो पुरेसा ठरतो.

खाण्याच्या हलव्याला काट्याची गरज फारशी उरलेली नाही. दागिन्याच्या हलव्याला ती आजही आहे, कारण गुळगुळीत दाण्यावर दोऱ्याची गाठ ठरत नाही आणि काळ्या वस्त्रावर काट्यांनी उजेड जसा विखुरतो तसा सपाट पृष्ठभागावर विखुरत नाही. जो अलंकार या पदार्थाची हौशी पुरवणी मानला जातो, त्यानेच मूळ कारागिरीला बाजारात जागा राखून दिली आहे. ग्राहक दागिन्यांच्या संचासाठी जी किंमत मोजतो तिच्यात परातीसमोर घालवलेले तास धरलेले असतात, वजनावर विकल्या जाणाऱ्या हलव्यात ते क्वचितच धरले जातात. व्हर्दूनच्या साखरबदामाला बारशाने जगवले आणि कोम्पेइतोला जपानी राजघराण्याच्या भेटवस्तूंनी प्रतिष्ठा दिली, त्याचप्रमाणे मुंबईच्या काटेरी हलव्याचे पुढचे आयुष्य नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीवर आणि तान्ह्या मुलांच्या बोरन्हाणावर अवलंबून आहे, आणि हे दोन्ही समारंभ दादर-गिरगावातून उठून ठाणे, डोंबिवली, पुणे आणि परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचले असल्यामुळे या कारागिरीला मागणीची वाण नाही. कमतरता आहे ती तासन्‌तास मंद आचेजवळ बसून बोटांनी दाणे फिरवायला तयार असलेल्या हातांची, आणि ते हात मिळायचे तर काट्याला लागणाऱ्या वेळेचा मोबदला वजनाच्या भावातही दिसायला हवा.